सगळ्या वायरी काळ्या

सर्वणच्या शेतात दिवेलागणीनंतर भात कापायचं मशीन चालताना दिसलं, तर त्यावरचे दिवे आमच्या घरकाराने लावलेत हे डोळे मिटून समजावं. सर्वणच कशाला, आमोणे, कारापूर, पार सुर्ल्यापर्यंत कुठेही. पॉवर टिलर असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर ते मोठं हार्वेस्टर, दिवे सगुणचेच. सगुण माझा नवरा, मी देवकी. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, पण इथे ‘तो’ म्हणणार आहे, कारण त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही.

आणि त्या प्रत्येक मशीनवरची प्रत्येक वायर काळी. पुढच्या दिव्याची काळी, मागच्या दिव्याची काळी, स्विचकडे जाणारी काळी, बॅटरीकडून येणारीही काळीच. बाकीचे इलेक्ट्रिशियन तांबडी, हिरवी, पिवळी अशा वायरी घालतात. उद्या काही बिघडलं तर कुठली कुठे जाते ते कुणालाही कळतं. आमच्याकडे तो प्रकारच नाही. सगुणने लावलेला दिवा बंद पडला की डिचोलीहून कितीही हुशार माणूस आणा, तो झाकण उघडतो, आतला काळा गुंता बघतो आणि म्हणतो, सगुणबाबलाच बोलवा. लोक म्हणायचे, भारी पक्का माणूस, आपली विद्या कुणाला देत नाही, हाताखाली कुणाला ठेवत नाही तोही त्याचसाठी. मीही तेच समजत होते.

शेतात रात्री दिव्यांचं काय काम, असं बाहेरचा माणूस विचारील. त्याचं असं आहे, आमचा शेतकरी सकाळी सातला पणजीची बस पकडतो. कोण सरकारी कचेरीत, कोण बँकेत, कोण शाळेत. पण भात आपल्या डोळ्यांदेखत कापलं जावं, पोती आपल्यासमोर भरावी, हा त्याचा हट्ट. तो घरी येणार सहाला, चहा पिणार, मग मशीन शेतात उतरणार आणि दव पडून पेंढा ओला होईपर्यंत चालणार. त्या दोन-तीन तासांसाठी हे दिवे. मशीन गावात एक, कोपरे, म्हणजे शेताचे तुकडे, शंभर, आणि वायंगणाचं भात, म्हणजे आमचं उन्हाळी पीक, सगळ्यांचं एकदमच पिकतं. त्यात दिवा गेला की त्या दिवसाचा नंबर गेला. मग सगुणला फोन.

त्या फोनला शिरा पडो. वर्षातून दोन कापण्या, एक चवथीनंतरची आणि एक शिगम्याच्या आसपासची. ते दिवस आम्ही दोघं बांधल्यासारखे घरात. माझं माहेर पेडण्यात, पार्सेला. सातासमुद्रापलीकडे नाही, स्कूटरने तास-सव्वा तास. पण माझ्या भाचीच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी फोन आला आणि हा मांडवातून उठला. कारापूरला कुणाच्या तरी मशीनचा मागचा दिवा लागत नव्हता म्हणे. मी एकटी बसने जाऊ शकते, जात होतेही. पण प्रत्येक ठिकाणी एकटीने जाऊन, ‘ते कामात आहेत’ असं हसत सांगायचा मला वीट आला होता. दुसऱ्या कुणाला ते दिवे दुरुस्त करता आले असते तर हा सुटला असता आणि याच्याबरोबर मीही. नाही म्हणजे नाही. सगळ्या वायरी काळ्या.

पूर्वी तो सुर्ल्याला खाणीवर होता. एका कंत्राटदाराच्या गॅरेजमध्ये ट्रकांचे आणि मोठ्या मशीनींचे दिवे बघायचा. लग्न झालं तेव्हा खाणी रात्रंदिवस चालायच्या, आणि खाणीवरच्या इलेक्ट्रिशियनची बायको म्हणून मी थोडी मिरवलेही, खोटं कशाला बोलू. मग खाणी बंद पडल्या, थोड्या सुरू झाल्या, पुन्हा बंद पडल्या. गॅरेज मोडलं तेव्हा त्याने तिथून काळ्या वायरीची दोन मोठी रिळं घरी आणली आणि शेतातली मशीनं धरली. मला वाटलं, रिळं पडून आहेत म्हणून काळी वायर वापरतो. रिळं संपली, तर हा म्हापशाला जाऊन पुन्हा काळीच घेऊन आला. विचारलं तर म्हणाला, सवय.

काम मात्र त्याचं बघत राहावं असं. घाई नाही, बडबड नाही. वायर मापून कापायची, दोन्ही टोकांना काळ्या चिकटपट्टीचे वेढे घालायचे. पुढच्या दिव्याला एक वेढा, कापणीच्या पात्याजवळच्या दिव्याला दोन, दाण्याच्या टाकीवरच्याला तीन, मागच्याला चार. मग सगळ्या वायरी एका नळीतून ओवून स्विचपर्यंत न्यायच्या. तिथे तो डोळे वर करून बोटांनीच वेढे मोजायचा, जपमाळ ओढतात तसे, आणि वायर जागेवर बसवायचा. त्याने लावलेला दिवा चिखलातून गेला, पावसात भिजला, तरी सहसा बंद पडत नाही. पण चाळीस मशीनींवर मिळून दोनशे दिवे असतील, तर रोज एखादा तरी पडणारच ना.

यंदा खाणीचं पुन्हा सुरू व्हायचं नक्की झालं. कंपनी नवी, पण जुनी माणसं शोधत होती. सगुणचं नाव कुणी तरी दिलं आणि घरी फॉर्म आला. कायमची नोकरी, ठरलेल्या वेळा, आठवड्याची सुट्टी. मला तर देव पावल्यासारखं झालं. कामावर गेला की गेला, घरी आला की आला, मध्ये फोन नाही. रविवारी पार्सेला जाऊ, आईजवळ दुपारभर बसू, तिच्या हातची नाही तर माझ्या हातची का होईना, पण तिच्या ताटात भाकरी वाढू. तिचे किती दिवस राहिलेत ते देव जाणे. मला एवढंच हवं होतं, आणि ते त्या फॉर्मात होतं.

हा मात्र टाळाटाळ करू लागला. फॉर्म कुठे ठेवला आठवत नाही. खाण दूर पडेल. धुळीने खोकला होईल. इतक्या लोकांचे दिवे माझ्या जिवावर आहेत, त्यांना कसं सोडू. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड. फॉर्म तांदळाच्या डब्यामागे सापडला, मीच तो भरला, त्याला दाखवून सही घेतली आणि स्वतः डिचोलीला जाऊन देऊन आले. येताना पोदेराकडून उंडे, आमचे गोल पाव, घेतले आणि पावाच्या दुकानातच चार बायकांना सांगून टाकलं, आमचे हे खाणीवर लागणार. संध्याकाळपर्यंत सगळ्या सर्वणाला ठाऊक झालं.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. अमुक तारखेला डिचोलीच्या दवाखान्यात वैद्यकीय तपासणी. दुपारची जेवणं झाली होती, तो बाहेर सोप्यावर पाय पसरून बसला होता. मी उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचून दाखवत होते. रक्त, लघवी, छातीचा फोटो, कान, नजर. आणि त्याखाली एक ओळ, इलेक्ट्रिशियनसाठी रंग ओळखण्याची चाचणी. मी म्हटलं, बघा, तुमचं काम तर पोरखेळ आहे. वर बघितलं तर तो अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांकडे बघत होता.

“देवके,” तो म्हणाला, “माका तांबडो आणि हिरवो एकच दिसता.”

मला आधी कळलंच नाही. मग सगळं एकदम कळलं, आणि कळत गेलं तसं कपाळात जाऊ लागलं. परसातल्या मिरच्या तोडून आणा म्हटलं की हा म्हणायचा, तूच बघ. आंबा पिकलाय का ते नाकाने आणि अंगठ्याने बघायचा. चोवीस वर्षांत माझ्या एकाही साडीला त्याने रंगाने हाक मारली नाही, ‘ती काठाची’ नाहीतर ‘ती लग्नातली’. सेजल, आमची मुलगी, लहान असताना जत्रेत तांबडा फ्रॉक घालून हरवली होती, तेव्हा चौकीवर पोलिसाने विचारलं, कपडे कुठल्या रंगाचे, आणि हा माझ्याकडे बघत राहिला. मी समजले होते, घाबरलाय.

लोकांना वाटेल मी रडले. मी चिडले. चोवीस वर्षं एका ताटात जेवलो आणि एवढी गोष्ट मला सांगावीशी वाटली नाही? मी काय गावभर दवंडी पिटणार होते? असं बरंच बोलले. मग तुटक तुटक सांगितलं त्याने. खाणीवर लागला तेव्हा वीस वर्षांचा होता. एका ट्रकच्या दोन वायरी उलट जोडल्या, ब्रेक दाबला की भोंगा वाजायला लागला. सगळे हसले, पण म्हाताऱ्या मिस्त्रीने त्याला बाजूला घेतलं. दोन वायरी हातात दिल्या आणि विचारलं, यातली तांबडी कुठली. हा चुकला. मिस्त्रीने कुणाला सांगितलं नाही. एकच केलं, काळ्या वायरीचं रीळ त्याच्या हवाली केलं आणि म्हणाला की एकाच रंगाची घाल, खुणा बोटांसाठी कर, आणि मेलास तरी कुणाला सांगू नकोस, नाहीतर जन्मभर ट्रक धूत बसशील. मिस्त्री गेला, गॅरेज गेलं. हा मात्र ते शब्द धरून बसला. मलासुद्धा सांगितलं नाही, कारण मिस्त्रीने कुणाला म्हणजे कुणालाच नाही असं म्हटलं होतं.

म्हणजे पक्केपणा नव्हे, विद्या लपवणं नव्हे. भीती होती ती. आणि मीच भरलेल्या फॉर्माने त्याला पुरता कोंडलं होतं. तपासणीला गेला तर नापास. नापास झाला तर का झाला ते दुसऱ्या दिवशी डिचोलीच्या बाजारात. मग ज्या माणसाला तांबडं-हिरवं कळत नाही त्याला आपल्या मशीनला कोण हात लावू देईल? नोकरी नाहीच, शेतातलं कामही हातचं जाणार. आणि तपासणीला गेलाच नाही तर सगळ्या गावाला उत्तर द्यायचं, का नाही गेला. कारण मी पावाच्या दुकानात सांगून आले होते. माझी जीभ तेव्हा झडली का नाही, असं मला झालं.

पण मी सहजासहजी सोडणारी नव्हे. मोबाईलवर शोधलं. ती चाचणी म्हणजे रंगीत ठिपक्यांच्या चकत्यांचं पुस्तक, आणि ठिपक्यांत आकडे लपवलेले. पहिल्या पानावरचा बारा सगळ्यांनाच दिसतो, त्यालाही दिसला. दुसऱ्यावर मला आठ दिसला, त्याला नुसते ठिपके. मी म्हटलं, दिसत नसेल तर पाठ करा. शाळेतली पोरं पाढे पाठ करतात, तुम्हाला वीस-पंचवीस पानं जड आहेत का. तो मुकाट्याने बसला. मी चकती दाखवायची, त्याने कुठला ठिपका कुठे जाड आहे, कडेला काय आहे ते बघून आकडा म्हणायचा. माझ्या मनात तेव्हा पाप होतं असं मला वाटलं नाही. मला फक्त पार्सेचा रस्ता दिसत होता.

तपासणीला तीन दिवस राहिले असताना आमोण्याहून दत्तारामचा फोन आला. दत्ताराम म्हणजे तिथला मशीनवाला. जुनं विकून नवीन हार्वेस्टर घेतलेलं, आणि खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीतलं भात कापायला झालेलं. खाणीवर जायच्या आधी एवढे दिवे लावून जा, अशी गळ घातली त्याने. सगुण निघाला तशी मीही स्कूटरवर मागे बसले. तो नको म्हणाला. मी म्हटलं, तुम्ही काम कसं करता ते मला आता बघायचंय. डबा घेतला, भाताचं शीत, आमटी आणि सुक्या सुंगटांची, आमच्या कोळंबीची, किसमूर, म्हणजे कुणी विचारलं तर कारण तयार.

मांडवीकाठच्या बांधावर मी छत्री उघडून बसले. मशीन खाली शेताच्या कडेला उभं होतं. दत्ताराम वर सीटवर, आणि भोवती पाच-सहा माणसं, ज्यांचं भात कापायचं होतं ती. दिवे बसवून झाले, काळ्या वायरी ओवून झाल्या, वेढे घालून झाले. तिथवर सगळं नेहमीसारखं. आता करंट कुठून घ्यायचा एवढंच राहिलं. सगुण नेहमी थेट बॅटरीकडून घेतो. पण मशीन नवं, वॉरंटीचं. दत्तारामने कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. तो माणूस म्हणाला, बॅटरीला हात लावायचा नाही. सीटखालच्या डब्यात एक तांबडी वायर जादा दिव्यांसाठीच दिली आहे, ती घ्या. तिच्या शेजारी हिरवी आहे तिला अजिबात धरू नका. ड्रायव्हर सीटवरून उठला की कापणीचं पातं आपोआप बंद पडतं, त्याची ती वायर. तिच्यात दिव्यांचा करंट घुसला तर माणूस उठला तरी पातं फिरत राहील.

सगुणने डबा उघडला. आत कंपनीची जाडजूड जुडी. तांबडी आणि हिरवी एकीखाली एक, सारख्याच जाडीच्या. त्याने चाचणीचा दिवा लावून बघितला, दोन्ही वायरींवर पेटला. पेटणारच, दत्ताराम सीटवर बसलेला होता ना. त्याला नुसतं उठ म्हटलं असतं तर हिरवीवरचा दिवा विझला असता आणि कोडं तिथंच सुटलं असतं. हे मला सगुणनेच नंतर सांगितलं. म्हणाला, सगळे बघत होते, डोकंच चाललं नाही. पंचवीस-तीस वर्षं बिनचूक काम करणारा माणूस, त्याला एवढं सुचलं नाही.

मी बांधावरून खाली आले होते. त्याने एक वायर उचलली, तिच्याखाली पकड धरली, आणि मान वर केली. वायरीकडे नाही, दत्तारामकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातात हिरवी होती. हिरवी असं मी बोलू शकत नव्हते, नुसती मान हलवली असती तर सहा जणांनी ती बघितली असती.

“अहो, आधी जेवान घेवा,” मी म्हटलं. “शीत थंड होता.”

माणसं हसली. दत्ताराम म्हणाला, वैनीचा हुकूम आला, आता मशीन थांबलं. सगुणने वायर सोडली, पकड खाली ठेवली आणि बांधावर आला. मी त्याच्या हातावर पाणी घातलं. घालता घालता खाली मान घालून म्हटलं, “हातात हिरवी आसली. वयली घेवा.” तो जेवला. किती जेवला ते मला ठाऊक नाही, माझं लक्ष सीटखालच्या उघड्या डब्याकडे होतं. मग परत गेला आणि वरची वायर घेतली.

दिवस बुडताना दत्तारामने मशीन शेतात घातलं. सगळे दिवे एकदम लागले आणि भात पिवळंधमक दिसायला लागलं. लोकांनी वाहवा केली. दहा-बारा पावलं गेलं असेल, पात्यात ओला पेंढा अडकला. दत्तारामने इंजिन बंद केलं नाही, पातंही थांबवलं नाही. नुसता सीटवरून उठला, खाली उडी मारली आणि कोपरापर्यंत हात पात्यात घातला. तो तसंच करतो, सगळे मशीनवाले तसंच करतात. जुन्या मशीनवर पातं थांबवून उतरायचे, नवीनचं आपोआप थांबतं हे ठाऊक झाल्यावर तेवढाही कंटाळा. पातं थांबलेलं होतं. त्याने पेंढा ओढून काढला, हात झटकला आणि पुन्हा वर चढला. तो हात मला अजून दिसतो.

घरी आल्यावर सगुणने मोबाईल मागून घेतला आणि चकत्या काढून बसला. दोन दिवस तो तेच करत होता, अगदी हट्टाने. मी भात वाढत असताना म्हणायचा, सातवं पान, चौऱ्याहत्तर. शेवटच्या रात्री मी पानं उलटसुलट दाखवली तरी एकही चुकला नाही. खूप दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू बघितलं. म्हणाला, पाठ झालं, तुझ्या मनासारखं होईल. धुतलेला शर्ट खुंटीवर लावून ठेवला.

सकाळी त्याने तो शर्ट घातला. मी चूल सारवत नव्हते, भांडी घासत नव्हते, काहीच करत नव्हते, दारात उभी होते. तो पास झाला असता. मला त्यात तिळमात्र शंका नव्हती. आणि मग खाणीत एखाद्या डब्यासमोर बसला असता, कंपनीच्या जुडीसमोर, तांबडी-हिरवीसमोर. तिथे पाठ केलेलं काय कामाचं? आणि समोर कुणाचा तरी हात, नाहीतर कुणाचा तरी मुलगा. माझ्या डोळ्यांसमोर पार्से होतं, आई होती, आणि त्या दोघांच्या मध्ये दत्तारामचा हात होता. तो बाजूला होईना.

मी म्हटलं, जाऊ नका. तो थांबला. म्हणाला, तूच तर एवढं केलंस. मी म्हटलं, केलं, चुकले. त्याने चप्पल पायात घातली, मग काढली, मग पुन्हा घातली. म्हणाला, न चुकता काम करीन, प्रत्येक वायर दहादा तपासीन. मला माहीत होतं, तो करील. आमोण्यालाही केलं होतं त्याने.

“आमोण्याक मी होतंय,” मी म्हटलं. “खाणीवर माका बांधार बसाक कोण देतलो?”

तो सोप्यावर बसला. शर्टाची बटणं एकेक करून काढली. मग म्हणाला की आता लोकांना सांगून टाकू या, जे व्हायचं ते होऊ दे. मी नको म्हटलं. चाळीस मशीनींवरचे त्याचे दिवे नीट चालतात. वेढ्यांवर, बोटांवर चालतात, ते काम खरं आहे. पण हे एकदा कळलं की कुणाला ते खरं वाटणार नाही. पन्नाशीला आलेला माणूस, त्याने आता काय करावं, ट्रक धुवावेत? सांगायचं झालं तर मी सांगेन, मी म्हटलं, आणि मला हवं ते सांगेन.

आणि सांगितलं. त्याच पावाच्या दुकानात, त्याच बायकांना. म्हटलं, मीच जाऊ दिलं नाही, दिवसरात्र पाळ्या असतात, तिथे काय काय चालतं, मला माझा घरकार डोळ्यांसमोर हवा. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला, कळावा म्हणूनच तर बोलले होते. आता सर्वणात सगळ्यांना ठाऊक आहे की देवकी संशयी आहे, नवऱ्याला एकटा सोडत नाही, चांगली आलेली नोकरी तिनेच घालवली. माझ्या सख्ख्या भावाने फोनवर मला झापलं. आईला काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

नवीन मशीनं भराभर येताहेत आणि सगळ्यांवर कंपनीच्याच रंगीत जुड्या. म्हणून आता प्रत्येक शेतात मी असते. छत्री, डबा आणि पाण्याची बाटली. दत्ताराम तोंडावर म्हणतो, वैनी, पहाऱ्याला आलात? मी हो म्हणते. आमच्या खुणा ठरल्या आहेत, पाणी देऊ का म्हटलं तर वरची, जेवायला या म्हटलं तर थांबा. पूर्वी कापणीच्या दिवसांत तो अडकायचा आणि मी निदान एकटी तरी पार्सेला जायचे. आता तेही गेलं. गेल्या महिन्यात आई पडली तेव्हा मी सुर्ल्याला बांधावर बसले होते. हे सगळं त्याच्यामुळे, असा राग येतो. मग त्याच्यावर नव्हे, त्या मेलेल्या मिस्त्रीवर येतो. मग त्याच्यावरही येत नाही, कारण तो बिचारा भलंच करायला गेला होता. मग कुणावर काढायचा ते कळत नाही आणि मी सगुणवरच काढते. तो ऐकून घेतो.

परवा काळी वायर संपली. त्याला वेळ नव्हता म्हणून मीच बसने म्हापशाला गेले. दुकानदार जुना ओळखीचा. म्हणाला, वैनी, सगुणबाबला सांगा, आतातरी रंगीत वायर घाला. दिवा बिघडला तर गावातला कुणीही पोरगा दुरुस्त करील, तुम्हाला दोघांना जरा मोकळीक मिळेल. त्याने काउंटरवर रिळं मांडली, तांबडं, हिरवं, पिवळं, निळं. बरोबर बोलत होता तो. इतकी वर्षं मीच हे बोलत होते.

काळीच द्या, मी म्हटलं. का म्हणून विचारलं त्याने. सवय, मी म्हटलं. तो हसला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, बघितलंत, नवऱ्यापेक्षा बायको पक्की. मी रीळ पिशवीत घातलं आणि डिचोलीच्या बसमध्ये जाऊन बसले. शेजारी पेडण्याची बस लागली होती, ती आधी सुटली.